केंटमधल्या रंगीत काचा: कँटरबरी बघालच, पण ट्यूडली चुकवू नका

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला येणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत कँटरबरी कॅथेड्रल हमखास असतं. बहुतेकांची भेट ठरलेली असते. दारासमोर फोटो, आत एक फेरी, बाहेर पडल्यावर कॉफी आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मी शाळेत चित्रकला शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलांच्या किती बॅच बसवल्या त्याची मोजदाद नाही. त्यामुळे सून केंटमध्ये, म्हणजे कँटरबरी ज्या परगण्यात आहे तिथे, नोकरीला लागली आणि मुक्काम लांबला, तेव्हा मी तिथल्या चर्चमधल्या काचा निवांत बघून घेतल्या. कुठे किती वेळ द्यावा, कशासाठी वाट वाकडी करावी, हे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

कँटरबरीला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही. पण इतक्या जुन्या काचा इतक्या संख्येने जागेवर शाबूत असलेली ठिकाणं जगात थोडीच, त्यामुळे पैसे वसूल आहेत. अट एकच, दुर्बीण न्या. पक्षी बघायची साधी छोटी दुर्बीण पुरते. काचा खूप उंचावर आहेत. नुसत्या डोळ्यांना रंगांची दाटी दिसते, चित्र दिसत नाही.

सुरुवात पश्चिमेच्या मोठ्या खिडकीपासून करा. तिथे खालच्या भागात आदम जमीन खणतो आहे. साधारण 1176 सालचं हे काम. कमरेला कातडं गुंडाळलेलं, बाकी अंग उघडं, हातात कुदळीसारखं फावडं आणि बाजूला झाड. दुर्बिणीतून त्याच्या बरगड्या आणि पायांचे स्नायू बघा. काचेवर तपकिरी रंगाच्या रेघा ओढून त्या भट्टीत पक्क्या केल्या आहेत. रेघ जिथे जाड हवी तिथे जाड, वळणावर बारीक. खोडायची सोय नसताना हात असा चालणं ही फार मोठी तयारी आहे. या मालिकेत येशूच्या पूर्वजांच्या आकृत्या आहेत. मुळात त्या छताजवळच्या खिडक्यांत होत्या, अठराव्या शतकाच्या अखेरीस खाली आणल्या.

याच पूर्वजांबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. 1174 मध्ये कॅथेड्रलला मोठी आग लागली आणि सगळ्या काचा त्यानंतरच्या, असंच धरलं जात होतं. मॅडलिन कॅव्हिनेस या कला-इतिहासकार बाईंनी 1980 च्या दशकात नुसती शैली पाहून सांगितलं की यातल्या काही आकृत्या आगीच्या आधीच्या असाव्यात. पुढे 2021 मध्ये लंडनच्या संशोधकांनी हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने, काचेला धक्का न लावता तपासणी केली आणि काही काचा 1130 ते 1160 च्या दरम्यानच्या निघाल्या. म्हणजे इथला आर्चबिशप थॉमस बेकेट याचा खून व्हायच्याही आधीच्या. नुसत्या नजरेने बांधलेला अंदाज तीसेक वर्षांनी यंत्राने खरा ठरवला. चित्रकलेच्या प्रत्येक शिक्षकाने हे वर्गात सांगावं.

आता ट्रिनिटी चॅपल, म्हणजे कॅथेड्रलच्या आतलं बेकेटच्या समाधीचं दालन. गर्दी इथेच असते, तरी सर्वाधिक वेळ इथेच काढा. आर्चबिशप बेकेटला 29 डिसेंबर 1170 रोजी याच कॅथेड्रलमध्ये राजाच्या सरदारांनी मारलं, 1173 मध्ये तो संत ठरला आणि लोकांची रीघ लागली. त्याची समाधी 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात उखडली गेली. समाधीभोवतीच्या खिडक्यांमध्ये त्याच्या चमत्कारांच्या कथा आहेत, त्यातल्या बऱ्याच टिकून आहेत. सुदैवाने या खिडक्या खालपर्यंत उतरतात, त्यामुळे बऱ्यापैकी जवळून दिसतात.

त्यातली जॉर्डन फिट्झ-आयसल्फ या सरदाराच्या घरची कथा शोधून काढाच. घरात साथ शिरते, आधी दाई जाते, मग लहान मुलगा. बेकेटच्या नावाचं तीर्थ मुलाच्या तोंडात घालतात आणि तो डोळे उघडतो. आईबाप कँटरबरीला येऊन जायचा नवस बोलतात आणि मग आज जाऊ, उद्या जाऊ करत तो राहून जातो. पुढच्या चित्रात घरातली सगळी आजारी, मोठा मुलगा गेलेला आणि वर तलवार घेतलेला संत. शेवटी नवरा-बायको येतात आणि समाधीवर नाणी ओततात. आपल्याकडे नवस बोलून तो फेडायचा राहिला की घरातली म्हातारी माणसं कशी अस्वस्थ होतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या खिडकीपुढे गाईड लागत नाही. आईने हात वर करून केलेला आकांत एवढाशा काचेत आहे आणि तो कळतो.

दुसरी कथा फोर्डविचच्या वेड्या हेन्रीची. पहिल्या चित्रात त्याचे हात मागे बांधलेले आहेत आणि दोघे जण त्याला काठ्यांनी बडवत समाधीकडे आणतात. दुसऱ्यात तो शांतपणे गुडघे टेकून बसला आहे आणि त्या काठ्या जमिनीवर पडल्या आहेत. जमिनीवरच्या त्या काठ्या ज्याला सुचल्या, त्या अनाम कारागिराला माझा नमस्कार.

रंगांविषयी थोडं सांगते, कारण ते माहीत असेल तर बघायला जास्त मजा येते. इथला निळा कोबाल्टचा. लाल तांब्याचा. पण लाल काच जाड केली तर काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर लालाचा पातळ थर चढवायचा. निळा दुरून पसरतो आणि शेजारच्या रंगावर चढतो. त्याला आवरायला मधे पांढऱ्या ठिपक्यांच्या मण्यांसारख्या किनारी घातल्या आहेत. संकल्पचित्रात दोन गडद रंगांच्या मधे पांढरी रेघ सोडायला मी मुलांना सांगायचे, त्यामागचं कारण इथे आठशे वर्षं टांगलेलं आहे.

वायव्येकडच्या रॉयल विंडोत चौथा एडवर्ड आणि त्याची राणी गुडघे टेकून बसले आहेत. 1640 च्या दशकात रिचर्ड कल्मर नावाच्या प्युरिटन (चर्चमधल्या चित्रांना विरोध करणाऱ्या पंथाच्या) धर्मोपदेशकाने शिडीवर चढून इथल्या काचा फोडल्या आणि ते अभिमानाने लिहूनही ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात मात्र शहाणपण झालं. जुन्या काचा आधीच उतरवून ठेवल्या होत्या, त्यामुळे जून 1942 च्या बाँबहल्ल्यातून त्या वाचल्या.

आग्नेय बाजूला एर्विन बोसानी या हंगेरीत जन्मलेल्या कलावंताच्या 1950 च्या दशकातल्या खिडक्या आहेत. तो 1934 मध्ये आसरा शोधत इंग्लंडला आला होता. एका खिडकीत देवदूत कैद्याला सोडवतो आहे, दुसरीत येशूभोवती वेगवेगळ्या वंशांची मुलं जमली आहेत. तिथल्या जुन्या काचांपुढे हे रंग भडक आहेत असं म्हणणारे बरेच भेटतील. मला तसं वाटत नाही. स्वतः परागंदा झालेल्या माणसाने युद्धानंतर सुटकेचं चित्र काढायचं, तर त्याने हलक्या आवाजात का बोलावं? या बाजूला माणसं फारशी वळत नाहीत. तुम्ही वळा.

आता ट्यूडली. टनब्रिजपासून दोनेक मैलांवरचं खेडं, शेतांमधलं विटांच्या मनोऱ्याचं बुटकं चर्च. बाहेरून पाहिलंत तर आत जावंसं वाटणार नाही. आत पाऊल टाकलं की भिंतीसुद्धा निळ्या होतात. चर्चच्या बाराही खिडक्या प्रसिद्ध चित्रकार मार्क शागालच्या आहेत. सगळ्या खिडक्या शागालच्या असलेलं जगातलं हे एकमेव चर्च.

यामागे एका घरावरचा आघात आहे. 1963 मध्ये सारा द'अविग्दोर-गोल्डस्मिड ही एकवीस वर्षांची मुलगी होडी उलटून समुद्रात बुडाली. वडील ज्यू, आई अँग्लिकन. दोनच वर्षांपूर्वी मायलेकींनी जेरुसलेमच्या सिनेगॉगसाठी (ज्यूंच्या प्रार्थनास्थळासाठी) शागालने केलेल्या काचा पॅरिसच्या प्रदर्शनात पाहिल्या होत्या आणि साराला त्या अतोनात आवडल्या होत्या. म्हणून आईवडिलांनी तिच्या स्मरणार्थ शागालकडे पूर्वेची एक खिडकी मागितली. 1967 मध्ये ती बसली. शागाल ती बघायला आला आणि चर्च पाहून उरलेल्या सगळ्या मीच करतो म्हणाला. शेवटच्या खिडक्या 1985 मध्ये लागल्या, त्याच वर्षी मार्चमध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

पूर्वेच्या खिडकीत खाली लाटांमध्ये मुलगी आहे. वर शोक करणारी माणसं, लाल घोडा, एक शिडी आणि सर्वांत वर क्रूसावरचा येशू. येशूचा चेहरा तरुण आहे, त्यावर यातना नाहीत. बाजूच्या खिडक्यांमध्ये पक्षी, गाढव, पानं, अशा ओळखीच्या गोष्टी निळ्यातून हळूहळू वर येतात. दक्षिणेच्या दोन खिडक्या पिवळ्याधमक आहेत. त्यांच्यावर ऊन आलं की समोरच्या बाकांवर हळद सांडते.

इथला मोठा फायदा असा की काचा डोळ्यांच्या उंचीवर आहेत, अगदी वीतभर अंतरावरून बघता येतात. कँटरबरीत रंग बदलला की शिशाची पट्टी येते, कारण प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा. इथे एकाच तुकड्यात गडद निळ्याचा फिका निळा आणि त्याचा पांढरा होतो. फ्रान्समधल्या रीम्सचा काच-कारागीर शार्ल मार्क याने थर चढवलेली काच आम्लाने कमी-जास्त खाऊ दिली, म्हणून हे साधलं. त्यावर शागालने स्वतः ब्रशने काम केलं आहे. पुसल्याच्या, खरवडल्याच्या, बोट फिरवल्यासारख्या खुणा जवळून स्पष्ट दिसतात. शिशाच्या रेघा तर चित्राची हद्द सोडून हव्या तशा पळतात. रेघ आणि रंग एकमेकांना बांधलेले नसले तरी चित्र उभं राहतं, हे मी शाळेत फळ्यावर कधीच इतकं नीट दाखवू शकले नसते.

प्रवेशाला पैसे नाहीत, दानपेटी आहे. तीत सढळ हाताने टाका. गावातल्या लोकांचं ते रोजचं चर्च आहे, तेव्हा प्रार्थना किंवा लग्न नाही ना हे आधी बघून जा. बस क्वचितच असते. टनब्रिज स्टेशनवरून टॅक्सी करा आणि परतीचंही तेव्हाच ठरवून टाका. गुडघे दुखणाऱ्यांना इथे काहीच त्रास नाही. कँटरबरीत मात्र ट्रिनिटी चॅपलपर्यंत पायऱ्या आहेत. लंडनच्या सेंट पँक्रसहून कँटरबरी वेस्टला वेगवान गाडीने तासाभरात पोचता येतं.

दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नका, डोळे थकतात आणि दुसऱ्या ठिकाणी अन्याय होतो. ट्यूडलीला सकाळी जा, म्हणजे पूर्वेच्या खिडकीत ऊन मिळतं. ढगाळ दिवस असला तरी बेत रद्द करू नका. तेव्हा निळा जास्त खोल दिसतो आणि चेहरे जास्त नीट वाचता येतात. गाडी हाताशी असेल तर ब्रेबर्नच्या चर्चमधली बाराव्या शतकातली छोटी खिडकी बघून घ्या. तीत माणूस नाही की कथा नाही, नुसती नक्षी आहे. रांगोळी काढणाऱ्या बायकांना ती लगेच आवडेल.

कॅथेड्रलच्या दुकानातून फ्रीजला लावायचं चुंबक आणण्यापेक्षा आदमचं किंवा चमत्कारांच्या खिडक्यांचं छापील चित्र मिळालं तर तेच घ्या. मोबाइलच्या फोटोत उजेडाने काच पांढरी पडते आणि रेघा जातात. घरच्या मुलांना दाखवायला छापीलच बरं.