पात्यावर भांडलो, लाकडानं जिरवली: घडीच्या चाकूचे दहा महिने

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दुकानात सहा-सात गिऱ्हाईकं उभी असताना, माझा चाकू उघडला नाही. नखखाचेत नख घालून ओढलं, नख दुमडलं. मुठीच्या गळ्याशी पातं अडकवणारी कडी असते, ती फिरवून बघितली, ती नीट फिरत होती. पक्कड शोधायला ड्रॉवर उघडला तोवर मेढ्याकडचे एक आजोबा म्हणाले, "व्हा बाजूला मालक." त्यांनी युरियाच्या 45 किलोच्या पोत्याच्या शिवणीचं बरोबर टोक धरलं, ओढलं, आणि शिवण सर्रकन उसवली. चाकू लागलाच नाही. त्या दिवशीच ठरवलं की या चाकूबद्दल सविस्तर लिहायचं. पण तेव्हा लिहिलं असतं तर निव्वळ शिव्या झाल्या असत्या, म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. बरं झालं थांबलो, कारण मधल्या काळात माझं मत दोनदा फिरलं.

साताऱ्यात माझं खता-बियाणांचं छोटं दुकान आहे. दिवसभरात पोती, खोकी, सुतळ्या, ठिबकची 16 मिलिमीटरची नळी, आणि अकरा वाजता एखादी काकडी, एवढं चाकूचं काम. आधी जत्रेतला साठ रुपयांचा घडीचा चाकू होता. त्याला अडकण नव्हती. नळी कापताना तो माझ्याच बोटावर मिटला, तीन टाके पडले. म्हणून अट एकच होती: उघडल्यावर पातं जागेवर अडकलं पाहिजे.

लाकडी मूठ आणि गळ्याशी फिरणारी धातूची कडी, ही रचना मूळची ओपिनेलची. फ्रान्सच्या आल्प्समधला साव्हुआ हा डोंगरी मुलूख, तिथल्या लोहाराघरच्या जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये हा चाकू शेतकऱ्यांसाठी काढला. 1897 पासून 1 ते 12 असे आकार आले, त्यातले 1 आणि 11 नंतर बंद झाले. कडी मात्र 1955 ची. म्हणजे पहिली पासष्ट वर्षं तिकडचे शेतकरीही माझ्यासारखेच बोटं कापून घेत असणार. आता तुम्ही विचाराल की एवढं वाचलं होतं तर मूळचाच का नाही घेतला. किंमत बघितली आणि जीव झाला नाही. त्याच धाटणीचा, दुसऱ्या कंपनीचा, निम्म्याहून कमी पैशात मिळाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे रडगाणं आहे त्यातलं निम्मं माझ्या कंजूषपणाचं आहे.

निवड करायची होती ती पात्याची, कार्बन (म्हणजे साधं पोलाद) की स्टेनलेस. यावर मी डिसेंबरची पंधरा रात्री घालवल्या. बायको म्हणाली, "अहो, मुलगी बघताना एवढा विचार केला नव्हता तुम्ही." थोडक्यात प्रकरण असं: कार्बनच्या पात्याला दगडावर चटकन धार येते, पण ते गंजतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, ते गंजाला अडवतं, पण धार लावायला थोडा जास्त वेळ बसावं लागतं. दुकानात खतं, म्हणजे मीठच ते, हवेतली ओल ओढून घेणारं. म्हणून डोकं वापरून स्टेनलेस मागवला, मोठ्या मापाचा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा.

जानेवारीत आला. पहिल्याच दिवशी दुकानात तीन जणांनी "रामपुरी का?" म्हणून विचारलं. ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी: रामपुरी खटक्यानं उघडतो, हा दोन हातांनी, नखानं, सावकाश उघडतो. यानं कोणाला धमकवायचं म्हटलं तर समोरच्याला जरा थांब म्हणावं लागेल.

संध्याकाळी लिंबू कापलं, चाकू तसाच ठेवून जेवायला बसलो. उठून बघतो तर पात्यावर काळे-निळे डाग. खोक्यावर स्टेनलेस छापलेलं, आत कार्बन! (लोहचुंबक लावून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चाकूचं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं. लिंबू खरं बोलतं.) विक्रेत्याला फोटो पाठवले. "सर, पातं नीट पुसत चला." मी लिहिलं, पुसायचं असतं तर कार्बनच मागवला असता. आठ दिवस असं चाललं. शेवटी म्हणाले, बदलून देतो, जुना परत घ्यायला माणूस येईल. नवीन आला, तोही एक माप धाकटा, आठ सेंटिमीटरचा. जुना न्यायला जो माणूस येणार होता तो दोनदा "निघालोय" म्हणाला आणि आजपर्यंत निघालेलाच आहे. मी तीन मेसेज टाकून माझं कर्तव्य केलं. एकाच पैशात दोन चाकू! त्या महिन्यात मी या कंपनीला पाच तारे द्यायला तयार होतो.

म्हणजे दोन्ही पाती मला शेजारी शेजारी वापरायला मिळाली, आणि इथेच माझं पहिलं मत फिरलं. मोठा कार्बनचा दुकानात ठेवला, धाकटा स्टेनलेसचा खिशात. महिनाभरात माझा हात आपोआप कार्बनकडे जायला लागला. साध्या कार्बोरंडमच्या दगडावर दहा-बारा हात मारले की टोमॅटोच्या सालीवरून नुसतं टेकवलं तरी आत जातं. स्टेनलेसलाही तशी धार येते, पण चहा थंड होतो तोवर. एप्रिलमध्ये कैऱ्या कापल्या आणि कार्बनचं पातं एका रात्रीत निळसर राखाडी झालं. मी हळहळलो, पण आई म्हणाली, "विळीसारखं झालं." खरंच की. लोखंडी विळी आपण कधी चकचकीत बघितली? चिंच, वांगं, कैरी खाऊन ती काळीच असते आणि तिचं कोणी वाईट वाटून घेत नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते. कैरीच्या तुरटपणानं पात्याचं काहीसं तेच होतं. तो काळेपणा एकदा धरला की तांबडा गंज जरा कमी येतो. कमी, बंद नव्हे. एकदा युरियाचं पोतं फोडून न पुसता गेलो तर सकाळी नारिंगी ठिपके होते, ते घासायला अर्धा तास गेला. आणि सफरचंद कापलं तर लोखंडाची चव लागते, हे घरच्यांचं म्हणणं मला मान्य आहे. मला आवडते, तो भाग वेगळा.

मापाचंही सांगून टाकतो. पात्यात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक कागदावर हास्यास्पद वाटतो. पण मूठही त्या प्रमाणात लहान होते, आणि धाकटा धरला की माझी करंगळी हवेत राहते. नळी कापायला मोठा, शर्टाच्या खिशाला धाकटा. बास.

आता मूळ दुखण्याकडे येतो. जानेवारीतच दोन्ही चाकू जरा जड उघडायचे. मी सांध्यात खोबरेल सोडलं होतं, आणि साताऱ्याच्या थंडीत ते सांध्यातच थिजलं. बाटलीतलं थिजतं हे दिसतं, सांध्यातलं कसं दिसणार? ते काढून शिलाई मशीनचं तेल टाकलं, झालं. उन्हाळाभर लोण्यासारखे चालले. त्यामुळे जूनअखेर परत जड व्हायला लागले तेव्हा मी तेलालाच दोष दिला. तेल बदललं, वाढवलं, पुसलं. व्यर्थ. आणि मग तो आजोबांचा दिवस उजाडला.

त्या रात्री खिशातला स्टेनलेस काढून बघितला, तोही अडकलेला! तेव्हा डोक्यात उजेड पडला. पंधरा रात्री मी पात्यावर घालवल्या, विक्रेत्याशी आठ दिवस पात्यावरून भांडलो, आणि मुठीकडे एकदाही बघितलं नाही. लाकूड ओल पितं आणि आडवं फुगतं. मुठीत जी चीर असते तिच्या दोन्ही भिंती पात्याच्या बुडाला आवळतात. पातं सोन्याचं असलं तरी आवळणारच. मूठ दोन्हीची एकाच लाकडाची, बीचची, म्हणजे युरोपातलं लाकूड. त्याला आषाढ माहीत असायचं कारण नाही.

पण तिकडेही पाऊस-बर्फ आहेच, आणि तिथल्या लोकांनी यावर युक्ती काढलेली आहे. कडी मोकळी करायची, चाकू मिटलेलाच ठेवायचा आणि मुठीची मागची टाच लाकडावर ठोकायची. पातं झटक्यानं थोडं बाहेर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं. साव्हुआच्या लोकांच्या नावानंच ही ठोक ओळखली जाते. मी शिकलो. माझ्या काउंटरच्या कडेला आता चौदा खड्डे आहेत. भर पावसात मात्र ठोकूनही काम झालं नाही. मग तांदळाच्या डब्यात ठेवून बघितला. तीन दिवसांनी उघडला, पण युरियाचा चाकू तांदळात ठेवला यावरून घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहित नाही.

खरी गंमत जुलैअखेर झाली. आमची सासुरवाडी माण तालुक्यातल्या म्हसवडची. साताऱ्याहून निघालो तेव्हा धार लागलेली, वायपर चालू. पुसेगाव ओलांडलं तसा रस्ता कोरडा, आणि माणमध्ये तर नुसता वारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी डाळिंब पुढे केलं. मी सवयीनं चाकू ठोकायला काहीतरी शोधत होतो, आणि तो नखाच्या टोकानं अलगद उघडला. आपला जिल्हा हा असा: महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, माणमध्ये 500 च्या आसपास. चाकू तोच, तेल तेच, जिल्हा तोच. बायको म्हणाली, "बघा, माझ्या माहेरी चाकूसुद्धा शहाण्यासारखा वागतो."

परत आल्यावर उपाय केला. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून सरक्लिप काढायची पक्कड आणली, कार्बनच्या चाकूची कडी फाकवून काढली. हॅक्सॉच्या पात्याला 120 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून चिरेच्या दोन्ही भिंती घासल्या, सांध्याजवळ जास्त. मग जवसाचं कच्चं तेल चिरेत आणि मुठीवर, रोज एक हात, आठवडाभर. ते वाळायला फार वेळ घेतं, घाई करू नका. आणि तेलाची चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा; जवसाच्या तेलाच्या चिंध्या आतल्या आत तापून पेटू शकतात. गोडेतेल चालेल का, असं गॅरेजवाल्यानं विचारलं. नाही चालत, ते वाळत नाही, नुसतं चिकट राहतं.

सप्टेंबरमध्ये कासला पोरांना फुलं दाखवायला नेलं, धुक्यात दोन तास, आणि चाकू उघडला. थोडा ओढावा लागला, पण उघडला. मी विजयी चेहऱ्यानं काकडी कापली. आणि आता थंडी-कोरडी हवा सुरू झाल्यावर कळतंय की मी जास्त घासलं. लाकूड आक्रसलं, आणि कडी मोकळी असली की पातं आपल्या वजनानं हलतं. मिटल्यावरही कडी फिरवून ठेवावी लागते, नाहीतर खिशात उघडायचा. उघडल्यावर कडी लावली की घट्ट बसतो, त्यामुळे बोटाची भीती नाही. तुम्ही घासणार असाल तर भर पावसाळ्यात घासा, पण मी घासलं त्याच्या निम्मंच.

एवढ्यात मित्र म्हणाला, प्लॅस्टिकच्या मुठीचा घे, तो फुगत नाही. बरोबर आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला राहणाऱ्यानं, मेढा, बामणोली, कोयनेकडच्यानं सरळ तोच घ्यावा, आणि पातं हवं ते घ्यावं. कोरेगावच्या पुढे लाकडीच बरा, हातात गोड वाटतो. मी स्वतः प्लॅस्टिकचा घेणार नाही, कारण एका पैशात दोन मिळाल्यावर तिसऱ्याला पैसे टाकणं माझ्यानं व्हायचं नाही.

दोनही आता राहिले नाहीत म्हणा. दिवाळीत मामांनी धाकटा हातात घेतला, उघडला, मिटवला, परत उघडला, आणि बोलता बोलता बंडीच्या खिशात टाकला. मी बायकोकडे बघितलं, तिनं दुसरीकडे बघितलं. त्याला घासायचं राहिलंच होतं, आणि आता म्हसवडला त्याची गरजही नाही.