इक्विनॉक्स ८०० : दागिना शोधायचाय? मग 'गोल्ड' मोड लावू नका

मायनलॅब कंपनीच्या या मेटल डिटेक्टरवर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणाऱ्या मशीनवर, पार्क, फील्ड, बीच आणि गोल्ड असे चार मोड आहेत. अंगठी शोधायची म्हटल्यावर हात आपसूक गोल्डवर जातो. तो मोड जमिनीतले सोन्याचे बारीक खडे शोधणाऱ्यांसाठी आहे. ओल्या खारट वाळूवर लावलात तर मशीन नुसतं किरकिरत बसेल.

आमचा होमस्टे मालगुंडला, पुळणीला लागूनच. पाण्यात बोटं आकसतात, वर अंगाला क्रीम चोपडलेलं, त्यामुळे दर हंगामात कुणी ना कुणी अंगठी समुद्राला देऊन येतं. म्हणून भाच्याने हे मशीन बाहेरून आणून दिलं. किंमत त्याने सांगितली नाही, मीही विचारली नाही.

बीच मोडचे दोन प्रकार आहेत. लावायचा तो बीच १. लाटांत किंवा पाण्याखाली शिरायचं असेल तर बीच २, त्यात मशीन आपली ताकद कमी करतं. मशीन ३ मीटर पाण्यापर्यंत चालतं, पण मी गुडघ्यापलीकडे जात नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक ऐकतं ते, कंपनीकडून २० वर येते. आमच्या ओल्या वाळूत मी १६-१७ वर आणते. खोली थोडी जाते, पण कान शांत राहतात. रत्नागिरीत मांडवीला, म्हणजे काळ्या समुद्रावर, आणखी खाली. तिथल्या वाळूत इल्मेनाइटसारखी काळी खनिजं आहेत, त्यांनीही मशीन किरकिरतं. आणि चालायचं पाण्याला समांतर, सुक्यातून ओल्यात ये-जा केली की मशीन गोंधळतं.

आता मुख्य गोष्ट, डिस्क्रिमिनेशनची, म्हणजे कुठल्या धातूंकडे दुर्लक्ष करायचं ते ठरवण्याची. सापडलेल्या वस्तूचा आकडा पडद्यावर उणे ९ ते ४० पर्यंत दिसतो, शून्य आणि त्याखाली लोखंड. तेवढंच बंद ठेवायचं. कचरा नको म्हणून १ ते १५ बंद केलेत तर नाजूक अंगठ्याही त्याबरोबर गेल्या. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, गोळ्यांची रिकामी पट्टी, बिअरच्या कॅनची कडी आणि सोनं, सगळे याच आळीत राहतात. कुठल्या वस्तूला कुठला आकडा, हे सांगणारे व्हिडिओंतले तक्ते बघून फसू नका. ते बहुतेक १० नाहीतर १४ कॅरेट सोन्याचे असतात. आपलं २२ कॅरेट वीज जास्त चांगली वाहतं, त्यामुळे तेवढीच अंगठी इथे वरचा आकडा दाखवते.

सांगलीचे एक दादा चेंडू खेळताना अंगठी घालवून आले. "काकू, इथेच कुठेतरी," म्हणत त्यांनी अर्ध्या किनाऱ्यावर हात फिरवला. ओहोटी लागली होती. आधी ९ आला, उलट बाजूने फिरवलं तर ४, मग १२. खणलं तर चुरगळलेलं पार्सलचं फॉइल. पुढे १९ आला. आडवं फिरवलं, उभं फिरवलं, १९-२० सोडायला तयार नाही, आवाजही गोल. जाळीच्या फावड्यात वाळू गळून गेली आणि अंगठी राहिली. आकडा असा ठाम असला की मी आनंदाने खणते, पण कॅनची कडीसुद्धा तशीच ठाम बोलते. खणण्याला पर्याय नाही.

पातळ साखळीचं मात्र वचन देत नाही. मशीन अख्खी साखळी ऐकत नाही, एकेक कडी ऐकतं, आणि कडी फारच बारीक. मंगळसूत्र वाट्यांमुळे सापडतं. कुठलंही मशीन घ्या, ही अडचण राहणारच.

सोनं जड, लाटेगणिक खाली बसतं. हरवलं की पुढच्या भरतीच्या आत सांगा, चार दिवसांनी पुण्याहून फोन करून काय उपयोग?

किल्ल्यांच्या आवारात मात्र हे मशीन काढू नका, संरक्षित जागी खणणं गुन्हा आहे.

मशीन भाड्याने देता का, असं विचारतात. देत नाही. ओहोटीची वेळ बघून मीच येते, पेट्रोलचे पैसे तेवढे द्यावेत.