बिल कॅप्सूल काढल्याचं, कॅप्सूल मात्र आतच

२०१३ साली मी मुंबईत ब्रेस्ट इम्प्लांट बसवून घेतले. दहा वर्षांनी डावी बाजू दगडासारखी घट्ट झाली, त्या कुशीवर झोपता येईना. म्हणून इम्प्लांट काढायचं ठरवलं आणि तिथेच फसले. ज्या बायका आत्ता याच विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

शरीरात बाहेरची वस्तू बसवली की शरीर तिच्याभोवती व्रणासारखं पातळ आवरण तयार करतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. ते प्रत्येकीला होतं, काहींचं आवळत जातं. माझं आवळलं होतं.

क्लिनिकमधल्या समुपदेशक ताईंनी मला 'एन ब्लॉक' पॅकेज सुचवलं, म्हणजे आवरण न फोडता इम्प्लांटसकट अख्खं बाहेर. "थकवा, सांधेदुखी, केस गळणं, सगळं थांबेल बघा." माझे इम्प्लांट खरखरीत, अ‍ॅलर्गन कंपनीने २०१९ मध्ये जगभरातून परत मागवले त्या प्रकारचे. या इम्प्लांटमुळे क्वचित लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर होतो, हे सांगून त्यांनी मला पुरतं घाबरवलं. नुसते इम्प्लांट काढायचे २ लाख १० हजार, कॅप्सूलचे वर १ लाख ४० हजार. विमा नाही म्हणाला. मी आईच्या पाटल्या मोडल्या.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी नर्सने प्लास्टिकच्या डब्यात दोन्ही इम्प्लांट आणून दिले. स्वच्छ धुतलेले, दुधी काचेसारखे. वर एक पापुद्रासुद्धा नव्हता. "कॅप्सूल कुठंय?" मी विचारलं. "लॅबला गेली, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप करू." तो रिपोर्ट कधीच आला नाही.

पाच महिन्यांनी डावीकडे सूज आली. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी केली, तर रिकामं आवरण जागच्या जागी आणि आत पाणी साचलेलं. सुईने ते काढून लिम्फोमासाठी तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस मी मुलीला जवळ घेऊन झोपत होते. रिपोर्ट चांगला आला, पण दुसरं ऑपरेशन टळलं नाही.

तिथल्या सर्जनबाईंनी सगळं नीट समजावलं. आवरण बरगड्यांना चिकटलेलं असेल तर फुफ्फुसाला इजा नको म्हणून थोडं ठेवावं लागतं, त्यात गैर काही नाही. एन ब्लॉकची खरी गरज लिम्फोमा असेल तेव्हा. आणि थकवा जाईलच, अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. म्हणजे आवरण ठेवलं याबद्दल माझी तक्रार नाही. न काढता काढलं म्हणून सांगितलं आणि त्याचे पैसे घेतले, याबद्दल आहे.

लेखी मागितल्यावर केसपेपर ७२ तासांत द्यावे लागतात, नियम आहे. मला वकिलाची नोटीस गेल्यावर मिळाले. ऑपरेशन नोटमध्ये एवढंच: दोन्ही इम्प्लांट काढले, टाके घातले. बायांनो, पैसे भरण्याआधी कॅप्सूल किती काढणार, का काढणार आणि कुठल्या लॅबला पाठवणार, हे लेखी घ्या. ऑपरेशन नोटची प्रत आणि लॅबची पावती हातात पडल्याशिवाय घरी जाऊ नका.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. तो डबा कपाटात आहे, वकिलांनी पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितलाय.