नाव न विचारता दिलेलं तिकीट

रोममध्ये मला ज्याने फसवलं, त्याने सुरुवात मराठीतून केली. "भाऊ, कसं काय?" एवढंच. मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलो तर थेट समोर कोलोसियम. मान वर करून बघतच होतो, तेवढ्यात कानावर हे पडलं. जर्मनीत दीड वर्ष काढल्यावर रस्त्यावरचा अनोळखी माणूस 'भाऊ' म्हणाला की पोटात काय होतं, ते घराबाहेर राहिलेल्यालाच कळेल.

हे आधीच लिहायला हवं होतं. परवा इटलीला निघालेल्या तीन ज्युनिअर्सनी फोन करून सगळं विचारून घेतलं. हॉस्टेल सांगितलं, ट्रेन सांगितल्या, जेलातो कुठला खायचा तेही सांगितलं. एवढी एक गोष्ट मात्र गिळली. लाज वाटली, दुसरं काही नाही.

मार्च 2025. विंटर सेमिस्टरच्या परीक्षा उरकल्या होत्या. मी आणि माझा नागपूरचा रूममेट, आम्ही श्टुटगार्टहून रात्रीच्या बसने मिलानला निघालो. बेत दहा दिवसांचा : मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या आमच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून तेव्हा महिन्याला 992 युरो सुटायचे, त्यात भाडं, इन्शुरन्स, खाणं सगळं. त्यामुळे तयारी अगदी कंजुषाची होती. बॅगेत सोलापूरची शेंगाचटणी, आणि डोक्यात यूट्यूबवरचे 'इटलीत असे फसू नका' छापाचे डझनभर व्हिडिओ.

त्या व्हिडिओंचा उपयोग झाला नाही असं नाही. मिलानला दुओमोसमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोर, मनगटात दोरा बांधून पैसे मागायला आलेल्यांना बघून दोघांनी हात खिशात घातले ते चौक ओलांडेपर्यंत काढले नाहीत. फ्लॉरेन्सला रस्त्यावर पसरलेली चित्रं चुकवत चाललो, कारण पाय पडला की भरपाई मागतात. कॉफी काउंटरवर उभ्यानेच प्यायलो, टेबलावर बसलं की दर वाढतो. फ्लॉरेन्सहून रोमला स्वस्तातल्या रिजनल गाडीने आलो, तेव्हा कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्कासुद्धा मारून घेतला. तो नसेल तर हातात तिकीट असूनही दंड बसतो. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर तर तिकिटाचं मशीनच इंग्रजीत बजावतं की पाकीटमारांपासून सावध राहा. ते ऐकून आम्ही एकमेकांकडे बघून हसलो होतो. आपण शहाणे झालो आहोत, असा पक्का समज झालेला.

कोलोसियमचं तिकीट मात्र काढलेलं नव्हतं. 'तिथे गेल्यावर बघू' हे माझं वाक्य, रूममेटचं नव्हे. साधं तिकीट तेव्हा 18 युरो होतं, त्यात शेजारचे जुने अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही यायची. अधिकृत साइटवर ते महिनाभर आधी विक्रीला लागतं. आम्ही आदल्या रात्री साइट उघडली तेव्हा कॅलेंडरवर पुढच्या कितीतरी दिवसांचे चौकोन करडे, म्हणजे तिकिटं संपलेली. त्यात 2025 हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष, पंचवीस वर्षांनी येणारं. आपल्याकडे प्रयागचा महाकुंभ नुकता उरकला होता आणि इथे यांचा ऐन रंगात होता.

तर तो माणूस. वय पस्तिशीचं, गळ्यात निळ्या पट्टीला लटकवलेलं कार्ड, काखेत बंद छत्री. "मुंबई? पुणे?" मी म्हटलं, सोलापूर. "अरे सोलापूर! चादर!" मग हिंदीत सुरू झाला. म्हणे तीन वर्षं भिवंडीत लूमवर होतो, सोलापूरचे कारीगर सोबत होते. खरं-खोटं देव जाणे. कुठला होता तेही मला माहीत नाही, आणि त्याने काही फरक पडत नाही. माझ्यापुरतं काम झालं होतं. माझे आजोबा यंत्रमागावर होते. हे त्याला कुठून कळणार? पण मला वाटलं, हा आपल्यातला.

पुढची त्याची चाल मला अजून आवडते, म्हणजे कारागिरी म्हणून. त्याने आधी काही विकलंच नाही. "साइट देखो आप, आज का कुछ नहीं मिलेगा," म्हणाला. आम्ही मोबाइलवर पाहिलं. खरोखरच नव्हतं. पहिली गोष्ट तो खरी बोलला, आणि पुढच्या सगळ्या खोट्याला ती पुरली. मग घड्याळ बघत म्हणाला, एक ग्रुप दहा मिनिटांत आत जातोय, दोघं आले नाहीत, त्यांच्या जागा आहेत. पंचावन्न युरो माणशी. स्टुडंट आहात म्हणून पंचेचाळीस. कॅश.

रूममेट हळूच म्हणाला, "काहून बे, कार्ड नाही चालत का?" त्याला ऐकू गेलंच. "कार्ड पे कंपनी का कमिशन कटता है भाई, फिर पचपन लगेगा." आम्ही माणशी दहा युरो वाचवायला म्हणून रोख नव्वद मोजले. तेव्हाच्या दराने साडेआठ हजार रुपयांच्या आसपास.

त्याने घडी घातलेले दोन छापील कागद काढले, उलगडले आणि समोर धरले. बारकोड दिसत होता, वर कोलोसियमचं नाव होतं, वेळ होती : दुपारी पावणेदोन. सगळं नीट. त्याचा अंगठा कागदाच्या मधल्या ओळीवर होता. नखाला काळा डाग होता, तोसुद्धा मला आठवतो. इतक्या जवळून मी तो अंगठा पाहिला, पण त्याच्याखाली काय आहे ते पाहिलं नाही. कागद हातात देताना त्याने पुन्हा घडी घातली, म्हणाला सांभाळा, पाऊस येईल.

गेटवर आधी बॅगांची तपासणी, मग तिकिटं. तिथल्या बाईंनी कागद उलगडला, पाहिला आणि पासपोर्ट मागितले. एकदा कागदाकडे, एकदा पासपोर्टकडे, एकदा आमच्याकडे. मग बोट ठेवून दाखवलं. अंगठ्याखालच्या ओळीत नाव होतं, स्पॅनिश वाटणारं, बाईमाणसाचं. दुसऱ्या कागदावर आडनाव तेच. तारीख कालची. "धिस इज नॉट यू," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. आम्ही त्या दिवसातले पहिले नसणार.

मला ठाऊक नव्हतं ते हे, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं : ऑक्टोबर 2023 पासून कोलोसियमचं तिकीट नावावर असतं. आपल्या रेल्वेच्या रिझर्व्हेशनसारखं, आत जाताना ओळखपत्र जुळवून बघतात. म्हणजे खरा एजंट असो, टूरवाला असो, तुमचं नाव विचारल्याशिवाय तुमचं तिकीट काढूच शकत नाही. आमच्या माणसाने गाव विचारलं, शिक्षण विचारलं, जर्मनीत थंडी किती असते विचारलं. नाव विचारलंच नाही.

परत फिरलो तर तो तिथे कशाला थांबतोय. त्याच जागी दुसरा एक उभा, तशीच पट्टी, आणि आम्हालाच म्हणतो, "सर, स्किप द लाइन?" जवळच काराबिनिएरींची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, गाडी होती. त्यांनी ऐकून घेतलं. ठाण्यावर येऊन लेखी तक्रार द्या म्हणाले, वर्णन, वेळ, पावती. पावती कसली? रात्री आठची परतीची बस होती, आम्ही सोडून दिलं. ते चुकलंच. पैसे परत आले नसते, पण कुठेतरी नोंद तरी झाली असती.

जास्त झोंबलं ते वेगळंच. तुळजापूरला आम्ही लहानपणापासून वर्षातून दोनदा जातो. स्टँडवर उतरलं की 'रांग नको, लगेच दर्शन करून देतो' म्हणत मागे लागणारे तिथे काही कमी नसतात. बाबा त्यांच्याकडे न बघता चालत राहतात आणि आम्हीही तेच शिकलो. तोच माणूस, तेच वाक्य. तुळजापुरात मी त्याला उभं केलं नसतं. रोमला त्याच्या गळ्यात पट्टी होती आणि तो मला 'भाऊ' म्हणाला.

परत आल्यावर तीन-चार आठवड्यांत, एप्रिलमध्ये, बातमी वाचली : कोलोसियमची तिकिटं घाऊक उचलून पर्यटकांना महागात विकल्याच्या प्रकरणात इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने आधी तिकीटविक्री सांभाळणारी संस्था आणि काही टूर कंपन्या यांना मिळून जवळजवळ 2 कोटी युरोंचा दंड केला. साइटवरचे ते करडे चौकोन नुसत्या गर्दीने झाले नसावेत तर. चौकातल्या छत्रीवाल्याचं दुकान त्या करड्या चौकोनांवरच चालतं. आमची चूक त्याने माफ होत नाही, पण रूममेटला ही बातमी दाखवताना मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्या दुपारी आम्ही समोरच्या कोल्ले ओप्पिओच्या बागेत चढून बसलो. तिथून कोलोसियम फुकट दिसतं, आणि चांगलं दिसतं. पावाला शेंगाचटणी लावून खाल्ली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग रूममेट म्हणाला, "जाऊ दे ना बे, मराठीत तरी लुटलं."

ती दोन तिकिटं अजून आमच्या किचनमध्ये फ्रिजवर लावलेली आहेत. रूममेटने पेनने स्पॅनिश नावांवर काट मारून वर आमची नावं लिहिली आहेत, माझं स्पेलिंग चुकवून.