सिम्युलेशन गेमसाठी रिकास्ट-डिटूर: कुठे चालतं, कुठे अडतं

एका गेमची एआय उचलून दुसऱ्यात बसवायची म्हटलं की बहुतेक वेळा गाडी अडते. पात्राने काय करायचं हे त्या गेमच्या नियमांना चिकटलेलं असतं. तिथवर पोचायचं कसं, हा भाग मात्र सुटा करता येतो. त्यासाठी मिको मोनोनेनने २००९ मध्ये आणलेली रिकास्ट-डिटूर ही सी++ लायब्ररी (तयार कोडचा संच) अजूनही पहिली निवड. परवाना झेडलिब, म्हणजे विकायच्या गेममध्येही फुकट. मूळ काम आपलं आहे असं सांगायचं नाही, कोड बदलला तर तशी नोंद ठेवायची आणि सोर्समधली परवान्याची सूचना काढायची नाही, एवढंच. अनरियल या गेम इंजिनचं नॅव्हिगेशन हिच्यावरच उभं आहे, गोडो हे इंजिन त्रिमितीय नॅव्हमेश (पात्रांना चालता येईल अशा जागेचा नकाशा) बेक करायला, म्हणजे आधीच तयार करून ठेवायला, रिकास्ट वापरतं.

रिकास्ट भूमितीचे व्हॉक्सेल (छोटे ठोकळे) पाडून चालण्याजोग्या जमिनीचे बहुभुज बनवतं, डिटूर त्यांवरून वाट काढतं.

पहिला फटका बसतो तो दारात. लायब्ररीच्या डेमोमध्ये सेल, म्हणजे ठोकळ्याची आडवी बाजू, ०.३ मीटर असतो. पात्राची त्रिज्या ०.४ ठेवली तरी ती पूर्ण सेलमध्ये वर ढकलली जाते: दोन सेल, म्हणजे ०.६. दोन्ही बाजूंनी तेवढं कापलं की १.२ मीटरचं दार नकाशावर उरतच नाही, आणि अख्खं घर बाहेरच्यांना बंद. घरांच्या गेममध्ये सेल ०.१ ठेवा. त्याच जागेत सेल नऊपट होतात, बेकिंग रेंगाळतं. पण दार उघडं राहतं. लहान मूल, मोठा माणूस आणि गाडी यांना एकच नॅव्हमेश पुरत नाही, प्रत्येक त्रिज्येला वेगळा लागतो.

सिम्युलेशनची खरी परीक्षा म्हणजे खेळाडू सतत भिंती उठवतो. नॅव्हमेशचे चौकोनी तुकडे (टाइल्स) करून बदललेला तेवढाच तुकडा नव्याने बनवणारा टाइल-कॅश इथे उपयोगी, पण त्याच्या मर्यादा आधीच ठाऊक हव्यात. एका अपडेटमध्ये एकच टाइल नव्याने बनते. अडथळे टाकण्या-काढण्याच्या रांगेत ६४ विनंत्या मावतात. पुढची नाकारली जाते, तेव्हा परतीचा कोड न तपासता भिंत टाकली तर ती दिसते पण अडवत नाही. एक अडथळा फार तर ८ टाइल्सना स्पर्श करू शकतो, म्हणून लांब कुंपण तुकड्यांत टाका. टाइल बदलली की जुन्या वाटेतले बहुभुजांचे क्रमांक बाद होतात. पात्र चालता चालता थबकलं तर आधी हेच तपासा.

लायब्ररीतला गर्दी हलवणारा भाग छोट्या जमावाला छान, शहराला नाही. लांबच्या वाटा शोधणाऱ्या रांगेत ८ जागाच आहेत. सगळ्यांची शिफ्ट एकदम सुटली की बाकीचे ताटकळतात (खऱ्या शहरासारखंच!). सुटण्याच्या वेळा काही फ्रेम्सवर पसरवा. प्रत्येक थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामाला) स्वतंत्र क्वेरी (वाट शोधणारा ऑब्जेक्ट) द्या आणि रस्त्याचा खर्च १ च्या खाली नेऊ नका. 'फुटपाथ स्वस्त' करायला ०.५ टाकलं की सर्वात स्वस्त वाट मिळेलच याची खात्री जाते. त्यापेक्षा गवत महाग करा.

निर्णयाचा भाग तुमचाच. द सिम्सने २००० मध्ये दाखवलेली युक्ती जोडायला सोपी: फ्रिज स्वतःच जाहीर करतो की इथे भूक भागते, पात्र सर्वात फायद्याची हाक निवडतं. फक्त फ्रिजसमोरचा उभं राहायचा बिंदू वस्तू ठेवतानाच नॅव्हमेशवर पडतो का ते बघा. नाही पडला आणि शोधाची चौकट मोठी असली, तर लायब्ररी जवळचा बहुभुज म्हणून भिंतीपलीकडचा देते. पात्र मग शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं.