लोअरिंग स्प्रिंग टाकून उन्हाळा-पावसाळा काढला, आता हाइटबद्दल सविस्तर

गाडी २०१९ ची पोलो, पेट्रोल, नागपूर पासिंग. थंडीत लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) टाकल्या, मेचं ऊन झालं, पावसाळाही झाला, म्हटलं आता लिहावं. कारण पहिल्याच आठवड्यात लिहिलेले सगळे रिव्ह्यू "भाऊ काय दिसून राहिली गाडी" एवढ्यावर संपतात, आणि खरा त्रास त्याच्या नंतर सुरू होतो. निकाल आधीच सांगून टाकतो, मी खूश आहे, काढणार नाही. पण स्प्रिंग चांगली आहे म्हणून खूश नाही, हाइट नीट सेट झाली म्हणून खूश आहे, आणि ती सेट करायला स्प्रिंग टाकण्यापेक्षा जास्त डोकं लागलं.

सगळ्यात आधी हे की लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कॉइलओव्हर नाही. कॉइलओव्हरला शॉकअपच्या बॉडीवर चुड्या (आटे) असतात, रिंग फिरवली की गाडी वर-खाली. इथे तसं काही नाही, स्प्रिंग जेवढी खाली बसवेल तेवढी बसवेल. तुमच्या हातात उरतं ते म्हणजे मागच्या स्प्रिंगखाली कमी-जास्त जाडीचा रबर पॅड, आणि बुश (सस्पेन्शनच्या जोडातले रबर) कुठल्या पोझिशनला टाइट केले ते. बस. अजून खाली पाहिजे म्हणून ग्राइंडर घेऊन एक वेढा उडवून देणारे लोक आपल्याकडे आहेत, गॅसने तापवून स्प्रिंग बसवून देणारेही आहेत, त्यांच्या नादी लागू नका. कापलेलं टोक स्प्रिंगच्या सीटमध्ये (ती टेकते त्या वाटीत) जसं बसायला पाहिजे तसं बसत नाही, तापवलेल्या स्प्रिंगचं टेंपर (पोलादाचा कडकपणा) जातं, आणि मग ती कधी बसेल नाहीतर कधी तुटेल याचा काही भरवसा नाही.

आता मोजमाप. लोक जमिनीपासून फेंडरपर्यंत (चाकावरच्या पत्र्यापर्यंत) टेप लावतात, त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही मिसळतात. चाकाच्या बरोबर सेंटरपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजायचं, चारही कोपरे, आणि स्प्रिंग टाकायच्या आधी मोजून लिहून ठेवायचं, नंतर जुना आकडा कुठून आणणार? सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो, तिथे मोजाल तं एक बाजू खाली दिसणारच. मी अलाइनमेंटवाल्याच्या रॅम्पवर मोजलं, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, गर्दी नव्हती म्हणून त्याने मोजू दिलं. डिक्की रिकामी, टाकी अर्धी, हवा चारही टायर थंड असतानाच चेक केलेली. आपल्या इकडे मेमध्ये दुपारी हवा चेक करण्यात काही अर्थ नाही, तापमान ५-६ डिग्री वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणजे पहाटेचा आणि दुपारचा आकडा वेगळाच येणार.

आणि जॅकवरून उतरवल्या उतरवल्या तर मोजूच नका. चाकं लटकून खाली येताना टायर तिरपे टेकतात, गाडी वरच अडकून राहते. एक चक्कर मारून या, बंपर दोन-चारदा दाबा, मग टेप काढा. नव्या स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये अजून थोड्या बसतात, म्हणून पॅड-बिड काय टाकायचं ते त्याच्यानंतर ठरवायचं.

माझा आकडा आला तो असा की पुढे जवळपास ३० एमएम खाली, जसं किटवर लिहिलं होतं तसं, पण मागची उजवी बाजू डावीपेक्षा १२ एमएम वर. गॅरेजवाला म्हणे स्प्रिंग खराब आहे, परत करा. मी म्हटलं थांब बे, आधी बुश पाहू. झालं असं होतं की त्यांच्या पोऱ्याने गाडी लिफ्टवर लटकलेली असतानाच सगळे बोल्ट कसून टाकले होते (गॅरेजचं नाव घेत नाही, बाकीचं काम त्यांचं बरं असते). लोअर आर्म (पुढचं चाक खालून धरणारा दांडा) आणि मागच्या बीमच्या (मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) बुशमध्ये रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जाते. चाक लटकलेलं असताना कसलं तं गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर ओला टॉवेल पिळून ठेवल्यासारखं कायम पिळलेलंच राहतं. ते गाडीला वर ढकलत राहतं, म्हणून हाइट खोटी दिसते, वरून बुश लवकर फाटतात ते वेगळं. मंग बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उभी केली, हलवली, आणि वजन चाकांवर असतानाच पुन्हा कसले, फरक १२ वरून ३-४ एमएमवर आला. स्प्रिंगमध्ये काही खराबी नव्हती. ज्याच्याकडे डक (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) नाही की चार खांबांची लिफ्ट नाही त्याने लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ जॅक देऊन चाक-फेंडरचं अंतर लिहून ठेवलेल्या आकड्याएवढं आणायचं आणि मग कसायचं, काम तेच होतं. एक अजून, या गाडीत सस्पेन्शनचे बरेच बोल्ट टॉर्क (ठरलेला जोर) देऊन वर अजून ९० डिग्री वगैरे फिरवायचे असतात, ते ताणले जातात, एकदा काढले की नवे टाकायचे. दुकानदार "चालते ना भाऊ" म्हणेल, नाही चालत.

जॅकबद्दल थोडं रागानेच लिहितो. गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक फक्त स्टेपनी बदलायसाठी आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही म्हणजे नाही. मागची बाजू उचलली की हँडब्रेक कामाचा राहत नाही, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो आणि तीच तं हवेत आहेत. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून गुटके, खाली घोडी (जॅक स्टँड), आणि घोडी कंपनीने दाखवलेल्या जागीच, सिलच्या (दाराखालच्या) कुठल्याही पत्र्यावर नाही. उन्हाळ्यात डांबरावर घोडीचे पाय रुततात, खाली फळी घ्या. आणि पुढचं स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) घरी खोलायच्या भानगडीत पडू नका. वरचा नट स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता सोडला तर दाबलेली स्प्रिंग कुठे जाईल आणि कोणाला लागेल सांगता येत नाही, माणसं मेली आहेत यात. मागच्या बाजूचं तुलनेने सोपं, शॉकअपचा खालचा बोल्ट काढून बीम हळूहळू खाली आणला की स्प्रिंग हातात येते, तरी ब्रेकच्या पाइपवर आणि एबीएसच्या वायरवर ताण येऊन राहिला का ते बघत बघतच उतरवायचं.

मागे मी पॅड बदलले. कारण दिसण्याचं नव्हतं. आई-बाबांना घेऊन रामटेकला गेलो, डिक्कीत सामान, आणि गडावर चढताना प्रत्येक गड्ड्यात मागून धप्प. तेव्हा एक जुगाड केला तो सांगतो, शॉकअपचं रबरी बूट वर सरकवून रॉडवर एक बारीक केबल टाय बांधला, शॉकअपच्या बॉडीला टेकवून. गाडी दबली की ती बॉडी त्या टायला वर ढकलते, आणि तो जिथपर्यंत गेला तिथेच थांबतो. परत येऊन पाहिलं तं टाय बंप स्टॉपरमध्ये (शेवटी अडवणाऱ्या रबरात) घुसून चपटा झालेला. म्हणजे लोडवर ट्रॅव्हल (दबायला जागा) उरतच नव्हता. मागे १० एमएम जाड पॅड टाकले, आता तसाच लोड असला तरी टाय स्टॉपरच्या थोडा आधी थांबतो. पॅड जेवढा जाड तेवढीच हाइट वाढेल असं मात्र धरू नका, स्प्रिंग चाकाच्या सेंटरपासून किती पुढे बसली आहे त्याच्यावर ते असतं, थोडं जास्तच वाढतं. स्प्रिंगचं टोक सीटमधल्या खाचेला टेकलं पाहिजे, आणि चाक पूर्ण लटकलेलं असताना स्प्रिंग हाताने फिरत असेल तर ती ढिली आहे, तशी चालवू नका.

रस्त्यांचं सांगायचं तं वर्धा रोडचा डबल डेकर आणि समृद्धी यावर गाडी एकदम मस्त. शिवमडक्यावरून समृद्धीला लागलं की १२० वर आधी जी डोलायची ते पूर्ण गेलं, लेन बदलताना कळतं. शहरात वेगळी गोष्ट. सिमेंट रोड आणि बाजूच्या पेव्हर ब्लॉकमध्ये जी पायरी सोडली आहे तिथे तिरपं उतरावं लागतं, दोन्ही चाकं एकदम टाकली की बंपरचा खालचा ओठ घासलाच. ब्रेकर तर विचारू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी ९९ मध्ये लिहिलेलं की हंप १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, २५ च्या स्पीडला आरामात जाता यावं असा, आणि आपल्या गल्लीत लोक सिमेंटचा अर्धा पाइप टाकल्यासारखा करून ठेवतात. तरी चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) आतापर्यंत वाचलं, कारण घासते ती मागे पूर्ण लोड असतानाच, एकटा असलो की नाही. पावसाळ्यात पाणी साचलं की मी आता वळून दुसऱ्या रस्त्याने जातो, ३० एमएम ऐकायला कमी वाटतात पण गुडघ्याएवढ्या पाण्यात तेवढेही महागात पडतील.

अलाइनमेंट हाइट फायनल झाल्यावरच करा, आधी केली तं पैसे पाण्यात, गाडी खाली आली की टो (चाकं समोर किती आत-बाहेर वळलेली ते) हलतो आणि पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) निगेटिव्हकडे, म्हणजे वरून आत, जातो. मागे टॉर्शन बीम आहे, तिथे अ‍ॅडजस्ट करायला काही नाही, नुसता आकडा बघून घ्यायचा. मागे पॅड टाकल्यावर नाक थोडं झुकलं आणि हेडलाइट जवळच पडायला लागला, तोही भिंतीवर बघून वर केला. आणि हो, गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या, इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळवा, क्लेमच्या वेळी भांडण नको. ओरिजिनल स्प्रिंग मी तेल लावून माळ्यावर ठेवल्या आहेत.

राहिला प्रश्न शॉकअपचा. स्टॉकच ठेवलेत, आणि कडक स्प्रिंगमुळे ते लवकर जाणार हे टाकतानाच माहीत होतं. मागचा डावा परवा थोडा ओलसर दिसला, धूळ चिकटून बसलेली, पुसून ठेवला आहे. पुन्हा ओला झाला तं जोडीने बदलणार, आणि पुन्हा चारही कोपरे मोजणार.