पीपीसी सिमेंट, ५० किलोची गोणी: राख आहे, भेसळ नाही, पाणी मात्र हवं

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे सांगते.

चेंबूरला आमची चार मजली जुनी सोसायटी. यंदा मार्चमध्ये गच्चीचा कोबा नव्याने घातला. पीपीसी, म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, मी निवडलं, कारण सेक्रेटरी मीच आणि ठेकेदाराशी हुज्जत घालायला वेळही माझ्याकडेच. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेय.

पहिल्या गोण्या उतरल्या तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा कपाळावर सारून बारीक अक्षरं वाचली. ‘फ्लाय ॲश ३० टक्के.’ “अहो बाई, तिसरा हिस्सा राखच की! दुधात पाणी घालणारा निदान पिशवीवर छापत तरी नाही.”

काकांचं आजोळ सातारकडचं, जुना वाडा. मी विचारलं, तिथे चुन्यात सुरखी, म्हणजे विटेची पूड, का घालायचे? नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वरवर घट्ट होतो, आत कितीतरी वर्षं मऊच राहतो. विटेच्या पुडीतली सिलिका चुन्याला धरते आणि तो मसाला ओलाव्यातही घट्ट होतो. रोमन लोक हेच ज्वालामुखीच्या राखेने करायचे. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावाची ती राख, म्हणून पोझोलाना. पीपीसीतला मधला पी तोच. आपल्याकडची राख औष्णिक वीजकेंद्रातली. दगडी कोळसा जळताना त्यातली माती वितळते, तिचे काचेसारखे बारीक गोळे होतात आणि धुरातून निसटण्याआधी ते पकडतात. गच्चीवरून ट्रॉम्ब्याची धुराडी दिसतात, तीच काकांना बोटाने दाखवली. भांडी घासायची राख ती वेगळी.

आता गच्चीवर काय घडतं ते. सिमेंटला पाणी लागलं की त्यातली कॅल्शियमची सिलिकेटं पाण्याशी संयोग पावून एक चिकट जेल तयार होतं. वाळूला वाळू तेच बांधतं. सोबत चुनाही सुटतो, आणि साध्या सिमेंटमध्ये तो तसाच पडून राहतो. आमच्या चौथ्या मजल्याच्या छताला पांढरे ओघळ लोंबत होते ना, तो हाच चुना: झिरपत्या पाण्याबरोबर खाली आला आणि हवा लागून पांढरा झाला. पीपीसीत राख हा सुटलेला चुना घेते आणि त्याचंही जेल करते. बारीक छिद्रं बुजतात, पाणी कमी झिरपतं. गळक्या गच्चीला आणखी काय हवं?

पण राखेचं काम सावकाश चालतं. आधी सिमेंटने चुना सोडायचा, मग राखेने तो घ्यायचा. खरी मजल पहिल्या आठवड्यानंतरची, आणि तेही ओल असेल तरच. मानकातले ताकदीचे किमान आकडे बघा: तिसऱ्या दिवशी पीपीसीला १६ मेगापास्कल (दाब सोसण्याचं माप) पुरतात, ५३ ग्रेडच्या साध्या सिमेंटला २७ लागतात. पाणी किती दिवस मारायचं, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, असल्या मिश्र सिमेंटला १०. कडक उन्हात १४ मारा म्हणतात.

गवंडी मात्र खूश होता. राखेचे कण गोल, त्यामुळे माल थापीखाली लोण्यासारखा सरकतो. शेवटचा हात फिरवून दोरी दाबून चौकोन पाडले, ते इतके सुबक की काकांनी फोटो काढून मुलाला पाठवला.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, “मॅडम, दगड झालाय, आता पाणी बंद.” सिमेंट नुसतं धरणं आणि त्याचा दगड होणं यांत फरक आहे हे त्याला पटेना. शिवाय आमच्याकडे पालिकेचं पाणी सकाळी तासभरच, टाकीतलं गच्चीवर ओतलं की खालचे भांडतात. शेवटी जिन्याकडच्या अर्ध्या भागात आळं करून पाणी साठवलं, वर गोणपाट, आणि मी स्वतः १४ दिवस बघितलं. टाकीकडची बाजू त्याच्यावर सोडली.

कोबा घातला त्याच दिवशी एकाच घमेल्यातला माल श्रीखंडाच्या दोन रिकाम्या डब्यांत भरला होता. दुसऱ्या दिवशी वड्या काढल्या. एक पाण्याच्या बादलीत, एक ग्रिलवर उन्हात. २८व्या दिवशी काकांसमोर खिळा घेतला. ग्रिलवरच्या वडीवर ओढला तर पांढुरकी पूड पडली आणि कड अंगठ्याने चुरली. बादलीतल्या वडीवर चरा पडला नाही, खिळ्याच्याच लोखंडाची चकचकीत रेघ उमटली. काका बराच वेळ तिच्यावरून नख फिरवत बसले. टाकीकडच्या कोब्यावर तोवर केसासारख्या भेगा आल्याच होत्या.

समुद्राकाठी राहत असाल तर स्लॅग सिमेंटही बघा. त्यात भट्टीतली लोखंडाची मळी दळून घालतात. खाऱ्या हवेतलं क्लोराइड सळईपर्यंत पोचायला त्याने वेळ लागतो. पाण्याची शिस्त तिथेही हीच. आणि सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू, लवकर काढायची घाई असेल तर दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. आयएस ४५६ मधले सेंटरिंग काढायचे दिवस साध्या सिमेंटचे आहेत.

घेताना गोणीवर छापलेला, सिमेंट बनल्याचा आठवडा वाचा. दुकानदाराने मला आधी तीन महिन्यांपूर्वीच्या गोण्या दाखवल्या होत्या, कोपरे दाबले तर आत गठुळ्या. परत पाठवल्या.

कापलेला तारा कंपनीचा. राखेचा टक्का छापला, आठवडा छापला, पण दहा दिवस ओलं ठेवा ही एक ओळ आमच्या गोणीवर कुठेच सापडली नाही. ठेकेदाराला नाक वर करून दाखवायला मला तेवढीच हवी होती.

टाकीकडचा पट्टा त्याने मेअखेरीस खरवडून पुन्हा घातला, पावसाच्या आत. या वेळी पाणी काकांनी मारलं.